बिल्ला हरवलेल्या साइड ड्रमचं कूळ कसं शोधायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही पुढचं नीट कळेल. वसईच्या घरी माळ्यावर तुम्हाला आजोबांचा स्नेअर ड्रम, म्हणजेच साइड ड्रम, सापडला. व्यास १४ इंच, खोली साडेपाच इंच, लग (पानं ताणणारे बोल्ट ज्यांत बसतात ते धातूचे तुकडे) आठ. शेलवर, म्हणजे ड्रमच्या लाकडी नळकांड्यावर, पांढऱ्या मोतिया चमकेचा रॅप (चिकटवलेलं आवरण) आहे, तो आता जुन्या हस्तिदंतासारखा पिवळा पडला आहे. कंपनीचा बिल्ला नाही. त्याच्या जागी हवेचं उघडं भोक आहे आणि भोकाभोवती नागमोडी कडेचा, बाकी रॅपपेक्षा पांढरा राहिलेला ठसा. तारा ओढायच्या स्ट्रेनरवर 'प्रीमियर' असं उमटवलेलं आहे आणि तो काढल्यावर त्याच्यामागे लांबी (पुट्टी) भरून बुजवलेली तीन जुनी भोकं दिसली. पान दाबून धरणारा वरचा हूप जाड, ओतीव. खालचा पातळ पत्र्याचा, त्यात तारांसाठी करवतीने खाच कापलेली. दोन्ही बाजूंना कातडी पानं, खालचं फाटलेलं.

घरात सांगतात की हा 'रेडिओ किंग', म्हणजे अमेरिकेच्या स्लिंगरलँड कंपनीचा मानाचा ड्रम, आहे आणि १९३५ साली ताजमहाल हॉटेलात वाजवायला आलेल्या एका अमेरिकी वादकाने तो आजोबांना दिला. एका दुकानदाराने सांगितलं, इंग्लंडचा प्रीमियर. तिसऱ्या जाणकाराने हातात घेतल्या घेतल्या मेरठचा, म्हणजे देशी बनावटीचा, म्हणून बाजूला ठेवला. यातलं खरं काय, असं तुम्ही विचारलंय.

मी गेली तीस-बत्तीस वर्षं जुने ड्रम उघडतो, दुरुस्त करतो, पुन्हा वाजते करतो. तुमचे फोटो दोन दिवस पुन्हा पुन्हा पाहिले. माझं मत असं, की तिघांनाही काहीतरी खरं दिसलं, पण प्रत्येकाने एकेका भागावरून अख्ख्या ड्रमला नाव दिलं. दुकानदाराने स्ट्रेनर वाचला, तिसऱ्याने खालचा हूप पाहिला, घरच्यांनी आठवण सांगितली. शेलला मात्र कुणी विचारलंच नाही.

ड्रम हे सुट्या भागांचं वाद्य आहे. हूप, पानं, तारा, स्ट्रेनर, बोल्ट, बिल्ला, सगळं स्क्रू काढून बदलता येतं, आणि साठ-सत्तर वर्षं वाजलेल्या ड्रमवर ते बदललेलं असतंच. बदलत नाही ते फक्त शेल, आणि शेलवर पाडलेली भोकं. भोक बुजवता येतं, पुसून टाकता येत नाही. म्हणून मी कुठलाही निनावी ड्रम आला की आधी नाव वाचत नाही, भोकं मोजतो.

तुमच्या ड्रमवर आठ लगांसाठी जेवढी भोकं हवीत तेवढीच आहेत, जास्तीचं एकही नाही. हे फार महत्त्वाचं आहे. म्हणजे आत्ता दिसणारे लग हे पहिल्या दिवसापासूनचे आहेत, कारण दुसऱ्या कंपनीच्या लगांचं अंतर जुन्या भोकांशी सहसा जुळत नाही आणि मग नवी भोकं पाडावी लागतात. स्ट्रेनरची गोष्ट नेमकी उलटी. त्याच्यामागे तीन बुजवलेली भोकं आहेत, त्रिकोणात. 'प्रीमियर'चा स्ट्रेनर स्वतःच्या वेगळ्या भोकांवर बसलाय. तो नंतर आला, यात मला शंका नाही. दुकानदाराचा निष्कर्ष इथेच गळून पडतो.

आता बिल्ल्याचा ठसा. बिल्ला निघून गेला तरी त्याखालच्या रॅपला ऊन आणि धूर लागलेला नसतो, त्यामुळे बिल्ल्याचा आकार पांढरा राहतो. तुमच्या भाग्याने तो अजून स्वच्छ दिसतो. या ठशावरून बरंच कळतं. ग्रेच या अमेरिकी ड्रम कंपनीचा जुना बिल्ला गोल. लुडविग या दुसऱ्या अमेरिकी कंपनीचा १९६० नंतरचा बिल्ला कमानीच्या मधल्या दगडासारखा, वर रुंद आणि खाली निमुळता, त्यालाच कीस्टोन म्हणतात. तुमच्याकडचा ठसा यांपैकी कशातच बसत नाही. कडेला ढगासारखे फुगवटे आहेत. शिकागोच्या स्लिंगरलँड कंपनीचा हा 'क्लाउड' बिल्ला, तीसच्या दशकाच्या मध्यापासून १९५५ च्या आसपासपर्यंत वापरात होता.

लगही तेच सांगतात. गुळगुळीत, लांबट, दोन्ही टोकांना बीव्हर नावाच्या प्राण्याच्या शेपटीसारखे चपटे होत जाणारे. संग्राहक त्यांना 'बीव्हरटेल' म्हणतात. स्लिंगरलँडने हे लग तीसच्या दशकाच्या शेवटी आणले आणि पन्नासच्या दशकाच्या मध्यापर्यंत चालवले. ठसा एका गोष्टीकडे बोट दाखवतो आणि लग त्याच गोष्टीकडे, तेही एकमेकांची साक्ष न घेता. मूळ शोधताना मला अशी दोन स्वतंत्र कारणं मिळाली की जीव भांड्यात पडतो. आणि तिसरं म्हणजे ती त्रिकोणी भोकं. स्लिंगरलँडचा त्या काळातला चांगल्या ड्रमवरचा 'थ्री-पॉइंट' स्ट्रेनर तीन स्क्रूंनी बसायचा.

म्हणजे ड्रमचं शरीर शिकागोचं आहे, स्लिंगरलँडचं. इथपर्यंत मी छातीठोकपणे सांगतो.

पण १९३५ हे साल टिकत नाही. 'रेडिओ किंग' हे नावच स्लिंगरलँडने १९३६ च्या सुमारास बाजारात आणलं, बेनी गुडमनच्या जॅझ बँडमधला ड्रमवादक जीन क्रुपा त्यांचे ड्रम वाजवू लागला तेव्हा. आणि तुमच्या ड्रमवरचे लग त्याहीनंतरचे. आजोबांच्या गोष्टीवर रागावू नका, गोष्टीतलं साल हा सर्वांत कच्चा भाग असतो. माणसं प्रसंग लक्षात ठेवतात, वर्ष मागाहून चिकटतं. १९३५ हे वर्ष मुंबईच्या वादकांच्या तोंडी बसलेलं आहे, कारण त्याच वर्षी लिऑन ॲबी आपला कृष्णवर्णीय अमेरिकी वादकांचा बँड घेऊन ताजमध्ये आला. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड हे मुंबईत वाजवत राहिले. गोव्याच्या आणि वसईच्या कितीतरी तरुणांनी जॅझ पहिल्यांदा ऐकलं ते त्यांच्याकडून, आणि मग त्यांच्या शेजारी बसून वाजवलंही. तेव्हा 'ताजमधला अमेरिकी' हे शब्द खरे असू शकतात आणि साल चारपाच वर्षं पुढचं असू शकतं. याकडे परत येतो.

त्याआधी तुमचं काळाचं अंतर अजून कमी करता येतं. १९४२ मध्ये अमेरिकेने युद्धासाठी धातू राखून ठेवला आणि वाद्यांत वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त धातू वापरायला बंदी आली. ड्रम कंपन्यांनी चक्क लाकडी लग कोरले. स्लिंगरलँडच्या त्या मालिकेचं नाव 'रोलिंग बॉम्बर'. तुमच्या ड्रमवरचे आठही लग धातूचे, आणि भोकांचा पुरावा सांगतो की ते मूळचेच. म्हणून तुमचा ड्रम एकतर तीसच्या दशकाचा शेवट ते १९४२ यांतला, नाहीतर युद्ध संपल्यानंतर ते पन्नासच्या दशकाच्या मध्यापर्यंतचा. मधली तीनचार वर्षं आपण बाजूला ठेवू शकतो.

या दोनांतला कोणता, हे ठरवायला लोक आधी पानांकडे बघतात. कातडी पानं आहेत म्हणजे जुना, असं तुम्हीही लिहिलंय. त्याचा उपयोग इथे होत नाही. मायलारची, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पटलाची पानं १९५६-५७ मध्ये बाजारात आली. चिक इव्हान्स आणि रेमो बेली ही त्यातली दोन ठळक नावं, आणि रेमोची कंपनी १९५७ ची. तुमच्या दोन्ही काळांत कातडंच होतं. शिवाय आपल्याकडे प्लास्टिकचं पान आयात करणं परवडायचं नाही, म्हणून साठच्या दशकातही कित्येक जण कातडं भिजवून, चापून बसवत राहिले.

मग लोक मुलामा बघतात. तुम्ही लिहिलंय की लगांवर मळाखाली किंचित पिवळसर झाक आहे. तो निकेलचा मुलामा. क्रोमची झाक निळसर, थंड असते. निकेल म्हणजे वीस-तीसचं दशक, असं सरसकट सांगितलं जातं आणि ते चुकीचं आहे. क्रोम महाग होता, म्हणून त्याच मॉडेलवर निकेल हा स्वस्त पर्याय कॅटलॉगमध्ये बराच काळ छापला जात असे. निकेलवरून मालकाच्या खिशाचा अंदाज येतो, सालाचा फारसा नाही.

स्क्रू मात्र बघण्यासारखे आहेत. लगांच्या आतल्या बाजूचे सगळे स्क्रू एका खाचेचे आहेत की फुलीचे? फुलीच्या, म्हणजे फिलिप्स स्क्रूचं पेटंट १९३६ चं. पण हे सुद्धा एकटं पुरत नाही, कारण हरवलेला स्क्रू कुणीही मिळेल तो लावतो. सोळापैकी चौदा एकासारखे आणि दोन वेगळे असतील तर चौदांचं ऐका.

सर्वांत भरवशाचा पुरावा शेलच्या आत असू शकतो. तुम्ही फोटो वरून प्रकाश टाकून काढलेत, त्यात काहीच दिसत नाही. खोलीत अंधार करा, टॉर्च शेलच्या आतल्या भिंतीला टेकवून आडवा धरा आणि हळूहळू फिरवा. फिका पडलेला शाईचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेला आकडा, दुकानाच्या चिठ्ठीच्या डिंकाचा डाग, हे सगळं तिरप्या प्रकाशात वर येतं. तारखेचा शिक्का मिळाला तर आपला वाद तिथेच संपला. लुडविगने साठच्या दशकात आत लाल शाईने तारखा मारल्या, त्यामुळे लुडविगवाल्यांचं काम सोपं होतं. स्लिंगरलँडच्याही काही शेलवर तारीख सापडते, सगळ्यांवर नाही. एक विनंती: आतली बाजू ओल्या फडक्याने पुसू नका. कोरड्या, मऊ कुंचल्याने धूळ झाडा, बस.

आता 'रेडिओ किंग' आहे की नाही. घरच्यांचा जीव या नावात अडकलाय हे मला कळतं, आणि या नावाला मान आहे तोही वाजवी आहे. या ड्रमचं वैशिष्ट्य त्याच्या शेलमध्ये आहे. मेपलची एकच जाड फळी वाफेने मऊ करून गोल वाकवायची, दोन टोकं तिरकी तासून एकमेकांवर चिकटवायची आणि वर-खाली आतून लाकडी कड्या लावून गोलाई पक्की करायची. थरांचा शेल वेगळा, त्यात पातळ पापुद्रे आडवे-उभे चिकटवलेले असतात. एकसंध फळीचा ड्रम काठीच्या टोकाला जे उत्तर देतो ते थरांच्या शेलमध्ये मी तरी ऐकलेलं नाही. त्याचा आवाज जाड आणि कोरडा, पण मधोमध एक ओलावा असतो.

तुम्ही शेलच्या कडेचा फोटो पाठवलात आणि त्यात दोन रेषा दिसतात म्हणून तो थरांचा आहे असं लिहिलंत. घाई करू नका. कडेला आतून कडी चिकटवलेली असते, त्यामुळे एकसंध फळीच्या ड्रमवरही शेल आणि कडी यांच्यामध्ये एक रेषा दिसणारच, आणि वर रॅपची दुसरी. कडेवरून हा निकाल कधीच लावू नये. तुमच्या ड्रमचा बिल्ला गेला, आणि त्यामुळेच एक सोय झाली आहे. हवेचं भोक उघडं आहे, आणि ते शेलच्या मध्यावर आहे, जिथे आत कडी नाही. त्या भोकाच्या भिंतीवर टॉर्चचा प्रकाश पाडा आणि भिंगातून बघा. थर असतील तर रंगाचे पट्टे दिसतील, एक फिकट, एक गडद, पुन्हा फिकट. पट्टे अजिबात नसतील आणि लाकडाचे रेषे एकाच दिशेने जात असतील तर फळी एकसंध. मग आतल्या भिंतीवर तिरका सांधा शोधा, संपूर्ण घेरात तो एकाच ठिकाणी असेल.

दुसरी खूण तारांची. रेडिओ किंगच्या तारा शेलच्या दोन्ही बाजूंना बाहेर येऊन एका पुलावर टेकायच्या. म्हणजे स्ट्रेनरच्या बरोबर समोरच्या बाजूलाही पूल धरणाऱ्या जुन्या कंसाची (ब्रॅकेटची) भोकं असायला हवीत. ती बाजू तुमच्या एकाही फोटोत नाही. तिसरी खूण, 'रेडिओ किंग' असं कोरलेले पितळी हूप, ती तुमच्याकडे उरलेलीच नाही. पण हूप नसणं हा पुरावा होत नाही. हूप हाच भाग सर्वांत आधी वाकतो आणि सर्वांत आधी बदलला जातो.

माझा अंदाज विचाराल तर तीन भोकांचा स्ट्रेनर पाहता हा स्वस्तातला, शिकाऊ मुलांचा ड्रम वाटत नाही. पण भोकाची भिंत बघितल्याशिवाय मी 'रेडिओ किंग' हे शब्द उच्चारणार नाही, आणि तुम्हीही उच्चारू नका.

आता मेरठचा प्रश्न. तुमच्या तिसऱ्या जाणकाराने 'मेरठचा' हा शब्द ज्या सुरात वापरला तो मला पटला नाही. मेरठच्या जाली कोठी भागात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बँडची वाद्यं बनतात, नादिर अली अँड कंपनी १८८५ ची. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बँडपथकांचे साइड ड्रम, बिगुल, युफोनियम तिथूनच आले. त्यांनी इंग्लिश लष्करी ड्रमचे नमुने समोर ठेवून काम केलं, म्हणून वरवर बघणाऱ्याची फसगत होते. ओळखायची असेल तर हातकामाच्या खुणा बघा. दोन लगांमधलं अंतर एकदोन मिलिमीटरने कमीजास्त असतं, पत्र्याच्या शेलचा सांधा डाग देऊन जोडलेला असतो आणि हूपच्या खाचेवर कानशीचे ओरखडे दिसतात. तुमचा खालचा हूप अशाच कुणा कारागिराच्या हातचा आहे, मेरठचा असेल किंवा मुंबईतल्याच एखाद्या गल्लीतला. पण शेल नाही. त्या करवतीच्या खाचेकडे मी बराच वेळ बघत बसलो होतो. ती सरळ आहे, दोन्ही बाजूंना समान आहे, आणि तिच्या कडा काठी किंवा बोट कापू नये म्हणून घासून गोल केल्यात. ज्याने हे केलं त्याच्यासमोर मूळ भाग नव्हता, आणि वादकाला संध्याकाळी कामावर जायचं होतं.

या दुरुस्तीवरून मला एक गोष्ट दिसते. अमेरिकी ड्रम, त्यावर इंग्लिश स्ट्रेनर, इंग्लिश पद्धतीचा ओतीव हूप आणि देशी खालचा हूप. म्हणजे मोडतोड झाली ती इथे, मुंबईत, आणि इथे मिळत होतं ते लावलं गेलं. इंग्रजांच्या राज्यात आणि नंतरही बरीच वर्षं आपल्या बाजारात माल यायचा तो प्रामुख्याने ब्रिटिश. प्रीमियर ही १९२२ साली लंडनमध्ये सुरू झालेली कंपनी, १९४० च्या बॉम्बहल्ल्यानंतर लेस्टरकडे गेली. बूझी अँड हॉक्सचा 'एजॅक्स', डॅलसचा 'कार्लटन', यॉर्कशरचा 'बेव्हर्ली', हीच नावं धोबी तलावच्या आसपास दिसत. लष्करी बँडांमुळे त्यांचे सुटे भागही मिळत. स्लिंगरलँडचा स्ट्रेनर मुंबईत मागवणं म्हणजे जवळजवळ अशक्य. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली आणि पन्नासच्या दशकात परकीय चलनाची टंचाई झाल्यावर ती आणखी आवळली गेली. त्यामुळे परदेशी वाद्य हातोहात फिरायचं. बोटीवरच्या बँडमध्ये नोकरी करणारा कुणी घेऊन यायचा, मायदेशी परतणारा कुणी विकून जायचा, किंवा गोव्यातून यायचं. १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगिजांकडे होता आणि मुंबईत न मिळणारा परदेशी माल तिथे सहज मिळत असे.

म्हणून तुमच्या दोन्ही काळांना एकेक वाट आहे. ड्रम १९४२ च्या आधीचा असेल तर ताजमधल्या अमेरिकी वादकाची गोष्ट वजनदार ठरते, कारण ती माणसं तेव्हा मुंबईत खरोखर होती आणि त्यांची वाद्यं अमेरिकेची होती. युद्धानंतरचा असेल तर मला बोट किंवा गोवा हे जास्त पटतं. इथे वाद्यापेक्षा कागद उपयोगी पडतील. आजोबांची पेटी आहे का? ड्रमची केस, तिच्यावर बोटीच्या कंपनीची चिठ्ठी, रंगाने लिहिलेली आद्याक्षरं? जुना पासपोर्ट, नाविकाचं पुस्तक? आणि सर्वांत महत्त्वाचं, लग्नाचे, क्लबचे, हॉटेलचे फोटो. बँडच्या फोटोत लोक चेहरे शोधतात, तुम्ही ड्रम शोधा. लग मोजा, हूपची जाडी बघा, बिल्ला कुठे आहे ते बघा. फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का आणि तारीख असते. एखाद्या फोटोत हा ड्रम बिल्ल्यासकट दिसला आणि दुसऱ्यात प्रीमियरच्या स्ट्रेनरसकट, तर त्याचं अर्धं आयुष्य तुमच्या हातात आलं.

तुमचे आजोबा सिनेमाच्या वाद्यवृंदातही बसायचे असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. त्यांच्या बरोबरीचे कुणी हयात असतील तर आजच जा. कावस लॉर्ड आणि त्यांचे मुलगे केरसी आणि बुर्जोर यांच्यासारख्या तालवादकांनी मुंबईच्या रेकॉर्डिंगचा ताल घडवला, पण त्यांच्या आजूबाजूला बसणाऱ्या शेकडो माणसांची नावं तबकड्यांवर कधी आली नाहीत. कुणाकडे कुठला साइड ड्रम होता हे त्या पिढीला तोंडपाठ होतं. आणि हो, त्यांना विचारताना 'स्नेअर' म्हणू नका, 'साइड ड्रम' म्हणा. इंग्लिश बँडांमुळे हाच शब्द आपल्याकडे रुळलाय, आणि तो ऐकला की आठवणी पटकन येतात.

आता तुमच्यासारखे आणखी काही जण असतील ज्यांच्याकडे बिल्ला आहे आणि म्हणून ते निश्चिंत आहेत. त्यांच्यासाठी दोन शब्द. लुडविगचंच घ्या. विल्यम आणि थिओबाल्ड या लुडविग भावांनी १९०९ मध्ये शिकागोत सुरू केलेली कंपनी १९२९ मध्ये कॉन या वाद्यकंपनीने विकत घेतली. विल्यमने पुढे बाहेर पडून १९३७ मध्ये स्वतःची नवी कंपनी काढली, पण लुडविग हे नाव त्याला वापरता येईना, म्हणून ड्रमवर 'डब्ल्यू. एफ. एल.' ही आद्याक्षरं आली. १९५५ मध्ये त्याने आपलंच आडनाव कॉनकडून परत विकत घेतलं. म्हणजे मधल्या काळात ज्या ड्रमवर लुडविग लिहिलंय तो लुडविगने बनवलेला नाही, आणि जो लुडविगने बनवला त्यावर लुडविग लिहिलेलं नाही. त्याच १९५५ मध्ये लीडी या दुसऱ्या ड्रम कंपनीचं नाव स्लिंगरलँडकडे गेलं, म्हणून नंतरच्या लीडीच्या बिल्ल्याखाली स्लिंगरलँडचं काम सापडतं. जपानमध्ये साठच्या दशकात तर एकाच कारखान्याचे ड्रम विकणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे डझनभर नावांनी बाहेर पडत. ते ओळखायचे ते लुआन या तांबूस, रवाळ लाकडावरून, आणि रॅपचं टोक शेलच्या सांध्यातच खोचलेलं असतं त्यावरून. बिल्ला म्हणजे कुणी विकला, एवढंच. शिवाय आज हुबेहूब नकली बिल्ले मिळतात. तुम्हाला कुणी क्लाउड बिल्ला आणून देतो म्हणेल. कृपा करून लावू नका. तो ठसा खरा आहे, त्यावर खोटा बिल्ला ठोकलात तर पुढच्या माणसाचा दोन्हींवरचा विश्वास उडेल.

रॅपबद्दल मला जरा कळकळीने लिहायचंय. कामाला लागून दोनतीन वर्षं झाली होती तेव्हा माझ्याकडे असाच एक पिवळा पडलेला, तडे गेलेला ड्रम आला. मालकाला तो नवा दिसायला हवा होता. मी हौसेने जुना रॅप सोलला, शेल घासलं, चकचकीत नवा रॅप लावला आणि जुना कचऱ्यात टाकला. काही महिन्यांनी त्याच्या वडिलांचे एक सहकारी आले आणि म्हणाले, त्यावर बिल्ल्याची खूण होती ना, दाखवा बघू. काय दाखवणार? तो ड्रम आजही चांगला वाजतो, पण तो कुणाचा हे आता कुणालाच सांगता येणार नाही. ते माझ्या हातून झालं आणि मला अजून लागतं. तेव्हापासून मी कुठल्याही ड्रमचा एक स्क्रूसुद्धा फेकत नाही. भाग काढण्याआधी आठही बाजूंनी फोटो, प्रत्येक लगाला कागदाचा नंबर, प्रत्येक जागेचे स्क्रू वेगळ्या पाकिटात.

शिवाय त्या काळचा मोतिया रॅप सेल्युलोज नायट्रेटचा असतो, जुन्या सिनेमाच्या फिल्मचाच भाऊबंद. तो भडकन पेटतो. जुना रॅप ओळखायला काडी लावून बघा असा सल्ला काही जण देतात, तो ऐकू नका. कडेला बोटाने जोरात घासून वास घेतला तर कापराचा हलका वास येतो, तेवढं पुरे. देवघराच्या दिव्याजवळ, मेणबत्तीजवळ, कडक उन्हात खिडकीत ठेवू नका. पिवळेपणा घालवायला काहीही लावू नका. तो पिवळेपणाच ठसा दाखवतोय.

प्रीमियरचा स्ट्रेनर काढून 'मूळचा' शोधून लावावा का, हे तुम्ही शेवटी विचारलंय. थ्री-पॉइंट स्ट्रेनर जुन्या बाजारात मिळतात, आणि भोकं तयारच असल्यामुळे नवं काही पाडावं लागणार नाही. तरीही माझा सल्ला, आत्ता नको. तो स्ट्रेनर आजोबांनी स्वतः निवडलेला किंवा नाइलाजाने स्वीकारलेला आहे, त्यावर त्यांचा हात फिरलाय, आणि ड्रम मुंबईत जगल्याचा तोच ठोस पुरावा आहे. वाजत असेल तर राहू द्या. बोल्टपैकी एखादा नवा लागला तर अमेरिकी आट्यांचा घ्या, १२-२४ या मापाचा, म्हणजे इंचाला चोवीस आटे. आधी बोटांनी फिरवून बघा. दोन फेऱ्यांत अडला तर किल्ली लावू नका, लगातला नट जुना आहे, एकदा आटे गेले की गेले.

आता करायचं एवढंच: हवेच्या भोकाच्या भिंतीचा जवळून फोटो, स्ट्रेनरच्या समोरच्या बाजूचा फोटो, आणि तिरप्या प्रकाशात आतला संपूर्ण घेर, चार तुकड्यांत. ते बघून मी पुढचं सांगेन. तोवर वरचं कातडी पान सांभाळा. पावसाळ्यात ते सैल पडेल आणि तुम्हाला ताणावंसं वाटेल. ताणलंत तर ऑक्टोबरचं ऊन पडायच्या आत आठवणीने प्रत्येक बोल्ट अर्धी फेरी सैल करा, कारण कातडं वाळताना आकसतं आणि तेव्हाच फाटतं. खालचं फाटलेलं पान मात्र काढून कापडात गुंडाळून ठेवा. त्याच्या आतल्या कडीवर, जिथे कातडं दुमडलेलं असतं, कधी कधी बनवणाऱ्याचा शिक्का असतो, आणि तिथे अजून कुणी पाहिलेलं नाही.